गाडीचे आयुष्य आणि कर्जाचे आयुष्य

कोल्हापुरात गुजरी म्हटले की सोन्याचांदीची पेठ डोळ्यांपुढे उभी राहते. बंगळूरच्या शिवाजीनगरातही एक गुजरी आहे. पण तेथे सोने नाही, लोखंड आहे. रसेल मार्केटच्या परिसरातून आतल्या गल्ल्यांत शिरले की मोडलेल्या मोटारींचे दरवाजे, दिवे, बंपर, गिअरबॉक्स आणि आसने ह्यांचे ढीग दुकानांपुढे रचलेले दिसतात. इंग्रजी छावणीच्या आश्रयाने वाढलेली ही वस्ती पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाई. जुन्या गाडीचा एखादा भाग शहरात कोठेही मिळेनासा झाला, तर तो शिवाजीनगरात मिळेल, अशी बंगळूरकरांची धारणा आहे, आणि ती बहुधा खरी ठरते.

ह्या ढिगांतील प्रत्येक दरवाजा एके काळी नव्या गाडीचा दरवाजा होता. ती गाडी दुकानातून निघाली तेव्हा तिला हार घातला गेला, हळदकुंकू वाहिले गेले, चाकांखाली लिंबे ठेवून ती पुढे सरकवली गेली. लिंबू चिरडण्यापासून गुजरीपर्यंतचा जो काळ, तो गाडीचे आयुष्य होय. ह्या आयुष्याशी कर्जाच्या आयुष्याचे प्रमाण किती असावे, हा प्रश्न आज मध्यमवर्गीय घराघरांत उभा राहिला आहे. एके काळी मोटारीचे कर्ज तीन वर्षांत फिटावे अशी अपेक्षा असे. पुढे पाच वर्षे हा सर्वसामान्य प्रघात झाला. आता बँका सात वर्षांची मुदत सहज देऊ करतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी काही ठिकाणी आठ वर्षांचीही.

उधारीवर मोटार घेण्याची चाल काही आजची नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने 1919 साली केवळ ह्याच कामासाठी स्वतंत्र पेढी काढली. हेन्री फोर्डला मात्र कर्जाचे वावडे होते. त्याने 1923 मध्ये उलटी योजना आणली: ग्राहकाने दर आठवड्याला थोडी रक्कम भरत जावे आणि किंमत पुरी झाली की गाडी न्यावी. आपल्याकडील भिशीशी तिचे नाते जवळचे होते. ती योजना चालली नाही. मनुष्याला गाडी आज हवी असते, आणि उद्याची मिळकत त्याला नेहमीच आजच्याहून मोठी दिसते. 1928 साली फोर्डनेही कर्जाची पेढी काढली.

भारतात तर काही काळ गंगा उलटी वाहत होती. 1983 साली मारुती गाडी आली, तेव्हा इच्छुकांनी दहा दहा हजार रुपये आगाऊ भरून महिनोन्‌महिने वाट पाहिली. म्हणजे ग्राहकच कारखानदाराला कर्ज देत होता! आज गाडी दाराशी तयार उभी असते आणि विक्रेत्याच्या मेजावर बँकेचा माणूसही तयार असतो. त्याचा पहिला प्रश्न गाडीची किंमत काय, हा नसतो. "महिन्याला किती झेपेल?" असे तो अदबीने विचारतो. खरी मेख ह्या प्रश्नात आहे. कारण ह्याचे उत्तर एकदा दिले की किंमत, व्याज आणि मुदत ह्या तिन्ही गोष्टी त्या उत्तराच्या मापाने बेतल्या जातात, आणि बेतणारा गिऱ्हाईक नसतो.

हिशोब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. आठ लाख रुपयांचे कर्ज, व्याज घटत्या शिलकीवर शेकडा 9. तीन वर्षांची मुदत घेतली तर मासिक हप्ता सुमारे 25,440 रुपये पडतो आणि एकूण व्याज 1,16,000 च्या आसपास जाते. पाच वर्षांची घेतली तर हप्ता 16,607 वर येतो, व्याज 1,96,000 होते. सात वर्षांना हप्ता 12,871 इतका हलका होतो, आणि व्याज 2,81,000 च्या पुढे चढते. पाचावरून सातावर जाताना महिन्याला पावणेचार हजारांचा दिलासा मिळतो. त्याची किंमत सुमारे 85,000 रुपये. कोणी ह्यालाच "व्याज अवघे पाच टक्के" असे म्हणून पुढे केले तर दचकू नये, पण भुलूही नये. मूळ आठ लाखांवर सातही वर्षे सरसकट पाच टक्के आकारले तर व्याज 2,80,000 होते, म्हणजे घटत्या शिलकीवरील नऊ टक्क्यांइतकेच. मुद्दल फिटत गेले तरी व्याज पुऱ्या रकमेवर मोजावयाचे, एवढीच त्यातील करामत.

तथापि केवळ व्याज अधिक पडते म्हणून लांब मुदतीला दोष देणे पुरेसे नाही. व्याज ही काळाची किंमत आहे. काळ अधिक घेतला तर किंमत अधिक पडणारच. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने व्याजाला दामदुपटीची मर्यादा घातली होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा तो नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. वरच्या उदाहरणात सात वर्षांचे व्याज मुद्दलाच्या जेमतेम पस्तीस टक्के आहे. दामदुपट फार दूर राहिली. मग बिघडते कोठे? बिघडते ते तारणात. दामदुपटीच्या काळी गहाण असे ते शेत, घर किंवा दागिना. ऋणको कंगाल झाला तरी शेत आपल्या जागी राही आणि सोन्याचे वजन घटत नसे. मोटार हे असे तारण आहे की ते ऋणकोच्या अंगणात उभ्या उभ्या विरघळत जाते.

किती विरघळते, ह्याचे एक सर्वमान्य माप विम्याच्या कोष्टकात सापडते. गाडीची विमाकृत किंमत ठरवताना कारखान्याच्या विक्री-किमतीतून घसारा वजा करतात. सहा महिन्यांच्या आतील गाडीला 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40 आणि पाचव्यात 50 टक्के, असा तो उतार आहे. गाडीची ही किंमत आठ लाख होती आणि कर्जही आठ लाखच काढले, असे धरून चालू. सात वर्षांच्या कर्जात एक वर्षानंतर देणे उरते 7,14,000. विम्याची किंमत राहते 6,40,000. दोन वर्षांनंतर देणे 6,20,000, किंमत 5,60,000. तीन वर्षांनंतर देणे 5,17,000, किंमत 4,80,000. चौथे वर्ष संपते तेव्हा कोठे हे दोन आकडे चार लाखांच्या आसपास एकमेकांना गाठतात. ह्या चार वर्षांत गाडी चोरीस गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर विम्याचा पैसा आधी बँकेकडे जातो आणि मालकाकडे गाडी नसताना कर्जाची शेपटी तेवढी उरते. तेच कर्ज पाच वर्षांचे असते, तर दोन वर्षांनंतर देणे 5,22,000 उरले असते आणि गाडीची किंमत त्याच्या वर गेली असती.

शिवाय शोरूममधील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ह्यांत अंतर असते. कर्नाटकात मोटारीवरील आजीवन कर देशातील जड करांपैकी एक आहे. तो कर, नोंदणी आणि पहिला विमा ह्यांसाठीही कर्ज काढले, तर पहिल्याच दिवशी देणे तारणाहून मोठे होते.

अपघात नशिबात असेल तरच होतो. पण संसारातील बदल हे ठरलेलेच असतात. बदली होते, मुलाचे शिक्षण निघते, आईवडिलांचे आजारपण येते, आणि गाडी विकून मोकळे व्हावे असा क्षण येतो. त्या क्षणी गाडी विकूनही कर्ज फिटत नसेल, तर मालक गाडीचा धनी राहत नाही. गाडीच त्याची धनी होते. अमेरिकेत तर जुन्या गाडीचे न फिटलेले देणे नव्या गाडीच्या कर्जात मिसळून देण्याची रीत आहे. जी गाडी दारातून गेली, तिचे हप्ते दारात आलेल्या गाडीच्या नावाने चालू राहतात. मुदतीपूर्वी कर्ज फेडू म्हटले, तर ठरीव दराच्या कर्जावर बहुतेक ठिकाणी दंडवजा शुल्क असते. ते किती, हे सही करण्यापूर्वीच विचारलेले बरे.

ह्याच बंगळुरात ज्यांनी पोटासाठी मोटारी घेतल्या, त्यांची कथा निराळी आहे. मोबाईलवरून बोलावता येणाऱ्या टॅक्सींचा जमाना आला, तेव्हा आरंभीच्या घसघशीत बक्षिसांच्या भरवशावर अनेकांनी कर्जे काढली. पुढे ती बक्षिसे आटली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये शहरातील चालक रस्त्यावर उतरले. हप्ता मात्र आटला नव्हता. मग 2020 ची महामारी आली. रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टअखेर हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, पण व्याज थांबले नव्हते; ते शिलकीत मिळत गेले आणि कर्जाची मुदत आणखी लांबली. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढीचा फरक सरकारने पुढे भरून दिला, सरळ व्याज ऋणकोंच्याच माथी राहिले. अशा चालकाला लांब मुदत घेऊ नकोस, असे शहाणपण सांगणे सोपे आहे. त्याला आखूड मुदतीचा मोठा हप्ता पहिल्याच मंदीत बुडवून गेला असता. ज्याची मिळकत रोज वरखाली होते, त्याला लहान हप्ता हा आसरा असतो. फक्त चांगल्या महिन्यांतला जादा पैसा त्याने मुद्दलात टाकावयास हवा, आणि कर्जाच्या करारात तशी सोय हवी.

पगारदार गृहस्थाची गोष्ट तशी नाही. त्याची मिळकत आखीव असते, आणि तो सात वर्षे घेतो ती बहुधा हप्ता झेपत नाही म्हणून नव्हे, तर त्याच हप्त्यात एक पायरी वरची गाडी बसते म्हणून. लहान गाडी पाच वर्षांत घेण्याऐवजी मोठी गाडी सात वर्षांत. शेजाऱ्याच्या अंगणात काय उभे आहे, ह्याचा ह्या निर्णयात वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे! लांब मुदतीच्या बाजूने एक युक्तिवाद चतुर लोक करतात: हप्ता लहान ठेवावा आणि वाचलेले पैसे अधिक लाभाच्या जागी गुंतवावेत. युक्तिवाद बिनचूक आहे. पण वाचलेले पावणेचार हजार रुपये दरमहा न चुकता बाजूला काढणारा मनुष्य मुळात गाडीसाठी सात वर्षांचे कर्ज काढावयास क्वचितच येतो.

आजची मोटार पंधरा वर्षे चालू शकते, तेव्हा सात वर्षांचे कर्ज गाडीच्या आयुष्याहून लांब कसे, असाही प्रश्न येईल. चालू शकते हे खरे. परंतु पाचव्या-सहाव्या वर्षी टायर, बॅटरी, क्लच असे खर्च एकामागून एक सुरू होतात. लांब कर्जात दुरुस्तीचे बिल आणि हप्ता ही दोन्ही एकाच महिन्यात दारात उभी राहतात, आणि मग शहाणा माणूस अस्सल भाग सोडून शिवाजीनगरच्या गुजरीची वाट धरतो. ज्या गाडीचे दहा-वीस हप्ते अजून बाकी आहेत, तिच्यासाठी तिच्याच जातीच्या मेलेल्या गाडीचा आरसा किंवा दिवा तो घासाघीस करून आणतो.

हप्ते संपल्यावरही एक काम उरते, आणि ते पुष्कळजण विसरतात. कर्ज चालू असेपर्यंत नोंदणीपुस्तकावर नजरगहाणाची नोंद असते. गाडी ऋणकोच्या ताब्यात, पण हक्क बँकेचा. शेवटचा हप्ता गेला म्हणून ती नोंद आपोआप पुसली जातेच असे नाही. बँकेकडून देणे नसल्याचा दाखला आणि 35 क्रमांकाचा नमुना घेऊन परिवहन कार्यालयातून ती काढून घ्यावी लागते. सात वर्षांत कागद गहाळ होतात, बँकेची शाखा हलते, कधी बँकच दुसऱ्या बँकेत विलीन होते. पुढे गाडी विकावयास काढली की खरेदीदार इंजिनाकडे पाहण्याआधी पुस्तकाचे ते पान उघडतो.