एक संहिता, दोन यंत्रे



मादन हिप्परग्याच्या या शाळेने आपल्या दिवंगत शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजिलेल्या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र मोबाइलवरील ॲप निर्माण करण्याची साधने कशी जुळवावीत, या विषयावर बोलणार आहे. भाषेचे भवितव्य ठरविणारी ठिकाणे कालपरत्वे बदलतात, आणि आज त्यांपैकी एक ठिकाण आपल्या सर्वांच्या खिशात आहे, एवढेच त्याचे कारण.

आरंभी जावजी दादाजींचे स्मरण करतो. त्यांनी मुंबईत आधी खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि मग १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना उभारला. आधी साधन, मग ग्रंथ, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आपणही मशागतीवाचून तिफण धरीत नाही. ॲपच्या बाबतीत मात्र आपण केवळ पीक पाहतो. रान कोणी तयार केले हे विचारीत नाही.

आजचे मोबाइल मुख्यतः दोन व्यवस्थांवर चालतात : गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. पूर्वी एकच ॲप दोन्हींकडे न्यायचे, तर ते दोनदा लिहावे लागे. एका बाजूला जावा किंवा कोटलिन, दुसऱ्या बाजूला ऑब्जेक्टिव्ह-सी किंवा स्विफ्ट. एकच पोथी मोडीत आणि बाळबोधीत वेगवेगळी उतरवून घ्यावी, तसा हा दुहेरी खटाटोप होता. तो टाळण्यासाठी २००९ मध्ये फोनगॅप, २०१५ मध्ये फेसबुकचे रिॲक्ट नेटिव्ह आणि डिसेंबर २०१८ मध्ये गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती आली. संहिता एकदाच लिहावी आणि ती दोन्ही यंत्रांवर चालावी, हे या सर्वांचे उद्दिष्ट.

उदाहरणासाठी फ्लटर घेऊ. ते, व्हीएस कोड हा संपादक आणि अँड्रॉइड स्टुडिओ ही तिन्ही साधने विनामूल्य मिळतात. विंडोज किंवा लिनक्स चालणारा साधा संगणक आरंभाला पुरतो. उतरवून घ्यायची सामग्री काही जीबी भरते, म्हणून जोडणी मंद असेल तर हे काम रात्री लावून ठेवावे. सर्व बसविल्यावर 'फ्लटर डॉक्टर' ही आज्ञा द्यावी. नाडी पाहणाऱ्या वैद्याप्रमाणे ती काय जुळले आणि काय राहिले, याची यादी पुढे ठेवते. अँड्रॉइडचे परवाने स्वीकारायचे राहिले असतील, तर तेही सांगते. नवशिके बहुधा या पायरीवर खचतात. त्यांनी यादीतील एकेक ओळ वाचून एकेक उणीव दूर करावी. घाईने सर्व पुसून पुन्हा आरंभ करू नये.

संगणकावर मोबाइलची आभासी प्रतिकृती चालविता येते, पण अल्प स्मृतीच्या यंत्राला ती जड जाते. त्यापेक्षा हातातला फोन तारेने जोडावा. त्याच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकविले, की विकसकासाठीचे पर्याय उघडतात. त्यांतील 'यूएसबी डीबगिंग' सुरू करावे. स्वतः लिहिलेली ओळ स्वतःच्या फोनवर उमटलेली पाहणे, हा आनंद पहिल्या छापील कवितेच्या आनंदाहून कमी नाही.

एक सूचना मात्र मला देताना वाईट वाटते. विंडोजवर काम करताना ज्या कप्प्यात प्रकल्प ठेवायचा, त्याचे नाव देवनागरीत देऊ नये. मार्गात रोमनेतर अक्षर दिसले, की अँड्रॉइडची बांधणी अडून बसते. मराठीचे ॲप करायला बसलेल्या मुलाला पहिल्याच पायरीवर आपली लिपी उंबरठ्याबाहेर ठेवावी लागते. ही साधने घडविणाऱ्यांच्या नजरेसमोर आपण नव्हतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

दुसरा अडथळा पैशाचा आहे. संहिता एकच असली, तरी आयफोनसाठीची अंतिम बांधणी एक्सकोडवाचून होत नाही, आणि एक्सकोड केवळ ॲपलच्या मॅक संगणकावर चालते. मॅक नसेल तर तो जाळ्यावरून भाड्याने घ्यावा लागतो. शिवाय ॲपलच्या दुकानात ॲप ठेवण्यासाठी वर्षाला ९९ डॉलर लागतात. गूगलकडे एकदाच २५ डॉलर. भारतात बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे असल्याने खेड्यातल्या मुलाने तेथूनच आरंभ करावा. संहिता दोन्हींसाठी लिहिलेली असल्यामुळे पुढे मॅक मिळाला, की बरेचसे काम हाताशी तयार असेल.

आता माझ्या विषयाकडे वळतो. 'ॲप' हा शब्द पाहा. त्याच्या आरंभीच्या 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, आणि ॲपलचे ॲप स्टोअर उघडले तेही त्याच वर्षी. तोवर लोक 'अ' वर चंद्र जोडून काम भागवीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात; यंत्राला ती भिन्न आहेत. 'दऱ्या' मधला अर्धा ऱ असाच दोन प्रकारे लिहिता येतो. कोशात एक प्रकार असेल आणि शोधणाऱ्याने दुसरा टंकित केला, तर कोशात असलेला शब्दही नाही म्हणून सांगितला जातो. ही चूक केवळ आज्ञावली जाणणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, आणि केवळ मराठी जाणणाऱ्याला ती दुरुस्त करता येणार नाही. दोन्ही जाणणारे मूल आपल्याला हवे आहे.

नव्वदच्या दशकात एका गावी टंकित केलेला माझा लेख दुसऱ्या गावच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडला होता, कारण तेव्हा फॉन्टाफॉन्टांची सांकेतिक व्यवस्था निराळी असे. युनिकोडने तो गोंधळ पुष्कळसा मिटविला. तरीही दोन फोनांवरचे मूळ फॉन्ट वेगळे असतात. म्हणून 'मुक्त' किंवा 'नोटो' यांसारखा खुल्या परवान्याचा देवनागरी फॉन्ट ॲपसोबतच द्यावा, आणि दोन्ही यंत्रांवर जोडाक्षरे स्वतः वाचून पाहावीत.

मित्रहो, हे सारे येथेच का सांगतो? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. येथे मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात. घरी एक भाषा आणि पाटीवर दुसरी, हे येथल्या कित्येक मुलांचे नित्याचे जगणे. या मुलांसाठी दूरच्या शहरातून कोणी ॲप करील, तर ते एकभाषी असेल. फ्लटरमध्ये मात्र पडद्यावरचे शब्द संहितेपासून वेगळे ठेवता येतात : मराठीची एक फाइल, कन्नडची दुसरी, उर्दूची तिसरी. सांगाडा तोच राहतो, भाषा बदलते. तुरीच्या रानातले, स्वयंपाकघरातले आणि आजीच्या बोलीतले शब्द तिन्ही भाषांत शेजारी शेजारी मांडणारा कोश ही मुले स्वतः करू शकतील. कुठल्याही भाषेचा दुस्वास न करता आपली भाषा राखण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे माझी एक याचना आहे. आपल्याकडे पडून असलेला एखादा चालू संगणक, आणि कोणाकडे असेल तर जुना मॅक, या शाळेला द्या. गूगलच्या दुकानात नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप ठेवायचे, तर किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस वापरून पाहावे लागते. ते बारा जण तुम्ही व्हा, आणि अर्धा ऱ मोडलेला दिसला तर निःसंकोच कळवा.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मुलांच्या हाती पाटी आणि पेन्सिल दिली. काय लिहायचे, ते मुलांनी ठरविले. आजच्या पिढीच्या हाती आजचे साधन देणे आपल्याकडे आले आहे. ते आपण द्यावे, एवढे बोलून आपली रजा घेतो.