संजीवक आणि तहानलेला घेवडा

वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांना आपण 'संजीवके' असे नाव दिले आणि नकळत शुक्राचार्यांची विद्या त्यांच्या माथी मारली. पावसाने ओढ दिली, पीक करपले, की शेतकरी उसनवारीने बाटली आणतो व माना टाकलेल्या रोपांवर फवारतो. रोपे काही उठत नाहीत. मग तो शास्त्राला बोल लावतो. पण त्याची फसगत केली आहे ती बरीचशी या नावानेच!

घेवड्याचेच उदाहरण घेऊ. उत्तरेत ज्याला राजमा म्हणतात, त्याच कुळातला वाघ्या घेवडा आपल्या साताऱ्याकडे, कोरेगाव तालुक्यात पिकतो. याची मुळे फारशी खोल जात नाहीत. ऐन फुलोऱ्यात ओल तुटली तर फुले गळतात, आणि गळल्या फुलाची शेंग कोणतेही औषध परत देऊ शकत नाही.

मुळांपाशी पाणी आटू लागले म्हणजे रोप स्वतःच ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य निर्माण करते. या द्रव्याचा शोध १९६० नंतरच्या दशकात लागला. ते पानांत पोचले की पर्णरंध्रे मिटतात व बाष्परूपाने जाणारे पाणी वाचते. परंतु ज्या दारातून पाणी बाहेर जाते, त्याच दारातून कर्बवायू आत येत असतो. दार लावले की चूलही मंदावते. म्हणून हे द्रव्य बाहेरून भरमसाट दिल्यास रोप तगेल, पण शेंगा भरतीलच असे नाही.

दुसरा मार्ग अधिक विचार करण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी घेवडा व टोमॅटो यांचे बी सॅलिसिलिक आम्लाच्या अतिशय विरल द्रावणात भिजवले. प्रमाण किती? लिटरभर पाण्यात सुमारे १४ ते ७० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीपेक्षाही कमी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा बियांची रोपे उष्णता, थंडी आणि अवर्षण या तिन्ही संकटांत अधिक टिकली. डोकेदुखीवर आपण घेतो त्या ॲस्पिरिननेही हाच गुण दिला. इतक्या अल्प द्रव्याने रोपाचे पोषण होणे शक्य नाही. त्याला मिळते ती केवळ पूर्वसूचना. आणि सूचना संकटाआधी पोचली तरच उपयोगाची, हे गावच्या दवंडीवाल्यालाही ठाऊक होते.

येथे मी एक सावधगिरी सुचवीन. ती परीक्षा रोपांची होती. शेतकऱ्याचा हिशेब शेंगांचा असतो. मात्रा वाढली तर हीच द्रव्ये वाढ खुंटवतात. तेव्हा सबंध शेतावर प्रयोग करू नये. पेरणीच्या वेळी चार ओळी भिजवलेल्या बियांच्या, शेजारी चार साध्या पाण्यात भिजवलेल्या बियांच्या ठेवाव्यात, दोन्हींना खत व पाणी सारखेच द्यावे, आणि काढणीला दोहोंचे दाणे निरनिराळे तोलून वहीत मांडावेत.