परिणामाकडे पाहून मार्ग सुधारण्याचे शास्त्र
(शिक्षक-संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या कानांना परका वाटण्याचा संभव आहे. ‘सायबरनेटिक्स’ या शास्त्राचा खेड्यातील प्राथमिक शाळेशी काय संबंध, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. आणि ती रास्तच आहे. परंतु या शास्त्राने ज्या तत्त्वाची मांडणी केली, ते तत्त्व मुलाची पाटी तपासताना आपण नित्य वापरीत असतो. यास्तव प्रथम ते तत्त्व, नंतर जगापुढील प्रश्नांत त्याचा उपयोग, आणि शेवटी आपल्या कार्यात त्याचे स्थान, या क्रमाने विचार करू.

या शास्त्राला नाव दिले ते नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने. त्याचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून तो राहिला होता. नावाचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे, त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. हा शब्द मोठा मार्मिक आहे. आपल्या कोकणातला तांडेल बंदरातून निघताना एकदा सुकाणू वळवून स्वस्थ बसत नाही. वारा आणि प्रवाह होडीला सारखे ढकलीत असतात. आपण किती ढळलो हे तो पाहतो, तितके सुकाणू फिरवतो आणि पुन्हा पाहतो. कृतीचा परिणाम कर्त्याकडे परत येणे आणि त्यावरून पुढील कृती सुधारली जाणे, यालाच शास्त्रीय परिभाषेत प्रत्याभरण म्हणतात.

जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला दोन फिरते गोळे जोडले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे; वेग मंदावला की ते खाली येत आणि झडप उघडे. आपल्या शरीरात उष्णता वाढली की घाम येतो, थंडी वाजली की अंग कापते. दोन्हींचा हेतू शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखणे हाच असतो. यंत्र आणि प्राणी यांत नियंत्रणाचे तत्त्व एकच आहे, हा वीनरचा सिद्धान्त होय.

परंतु प्रत्याभरण नेहमीच तोल सांभाळते असे नाही. सावकाराच्या कर्जात व्याजावर व्याज चढते, मुद्दल फुगते आणि मोठ्या मुद्दलावर आणखी व्याज चढते. हे चक्र स्वतःलाच पोसते. म्हणून कोणत्याही गुंतागुंतीच्या प्रश्नाकडे पाहताना ‘दोष कोणाचा?’ या प्रश्नाआधी ‘येथे कोणते चक्र फिरत आहे?’ हे विचारावे, ही या विचारपद्धतीची पहिली शिकवण आहे.

आता जगाच्या प्रश्नांकडे वळू. दरवर्षी १६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो. त्यामागील इतिहास मुलांना सांगण्याजोगा आहे. शीतकपाटे आणि फवाऱ्याचे डबे यांत क्लोरोफ्लुओरोकार्बन नावाची द्रव्ये वापरीत असत. ती विषारी नव्हती, पेट घेत नव्हती, म्हणून निर्धोक मानली गेली. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ही द्रव्ये उंच वातावरणात पोचून तेथील ओझोनचा नाश करू शकतात. हा वायू सूर्याचे घातक किरण अडवतो. पुढे १९८५ साली तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन दर वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याचे प्रसिद्ध केले. तेथील हॅली केंद्रावर १९५० नंतरच्या दशकापासून वर्षानुवर्षे साध्या चिकाटीने नोंदी ठेवल्या गेल्या होत्या, म्हणूनच ही घट ध्यानी आली. नियमित नोंदवहीचे महत्त्व याहून अधिक कोणत्या शब्दांत सांगावे!

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल येथे करार झाला. या कराराची रचना पाहण्यासारखी आहे. एकदा नियम करून तो थांबला नाही. ठराविक काळाने शास्त्रज्ञांनी मोजमाप सादर करावे आणि त्यानुसार बंधने कडक करावीत, अशी सोय त्यातच होती. गरीब राष्ट्रांना नवी द्रव्ये परवडावीत म्हणून १९९० साली निधी उभारण्याचे ठरले. भारत १९९२ साली करारात सामील झाला आणि पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी तो मान्य केला. एवढे झाल्यावरही डोळे उघडे राहिले. बंदी घातलेल्या एका द्रव्याचे उत्सर्जन पुन्हा वाढत असल्याचे २०१८ साली मोजमापांवरून उघड झाले. त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढल्या वर्षी दिसून आले आणि त्यानंतर ते उत्सर्जन घटले. ओझोनऐवजी हवेची उष्णता वाढवणाऱ्या पर्यायी द्रव्यांवर २०१६ साली किगाली येथे निर्बंध ठरले. अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर येण्यास सुमारे २०६६ साल उजाडेल, असा अंदाज आहे. मानवजातीने सुकाणू धरले, पाहिले, वळवले आणि पुन्हा पाहिले.

मग हवामानबदलाच्या प्रश्नात तेच का साधत नाही? हवाईतील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बद्विप्राणिल वायूचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या वर आहेत. म्हणजे मोजमाप आहे, परंतु दुरुस्ती पुरेशी नाही. ओझोनच्या प्रश्नात द्रव्ये थोडी होती आणि त्यांना पर्याय लवकर सापडले. येथे मात्र चुलीपासून कारखान्यापर्यंत सारे जीवन गुंतलेले आहे. दुसरे कारण विलंबाचे. पिकाला दारे धरणारा शेतकरी वाफा काठोकाठ भरेपर्यंत थांबत नाही. पाटात असलेले पाणी अजून येणार, हे जाणून तो आधीच दार मोडतो. हवेत सोडलेला वायूही पाटातल्या पाण्यासारखाच आहे. त्याचा पुरता परिणाम दिसेपर्यंत थांबणारा मनुष्य वाफा फुटल्यावर जागा होतो. त्यातच बर्फ वितळले की पांढरा पृष्ठभाग कमी होतो, काळा समुद्र अधिक ऊन शोषतो आणि आणखी बर्फ वितळते. हे स्वतःला पोसणारे चक्र होय.

असे सुकाणू गावालाही धरता येते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाणलोटाची कामे केलीच. पण पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, ग्रामसभेत तो सर्वांसमोर ठेवावयाचा आणि त्यावरून पिके ठरवावयाची, असा परिपाठ पाडला. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांना गावाने आवर घातला. बंधारा पाणी अडवतो. परंतु पाणी किती उरले हे गावाला कळले, तरच ते टिकते.

आता शाळेकडे येऊ. समजा, एक मुलगी सुगीच्या दिवसांत आठ दिवस घरी राहिली. परतल्यावर वजाबाकी पुढे गेलेली असते. तिला समजत नाही, चारचौघांत हसे होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ती येत नाही. गैरहजेरीने अडचण वाढते आणि अडचणीने गैरहजेरी. पालकांस दोष देऊन किंवा मुलीस रागावून हे चक्र थांबत नाही. रागावल्याने तर ते अधिक वेगाने फिरते. ते मोडावयाचे तर परतलेल्या पहिल्याच दिवशी तिच्याशेजारी पाच मिनिटे बसून मागील धडा भरून द्यावा लागतो. वर्षअखेरच्या निकालपत्रात हीच गोष्ट कळते. परंतु तोवर मुलगी शाळेतून गेलेली असते. उशिरा आलेले प्रत्याभरण हे पंचनाम्यासारखे असते. त्यातून झालेली हानी कळते, ती टळत नाही.

इंग्लंडमधील रॉस अॅशबी या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली असा नियम मांडला की, परिस्थितीत जितकी विविधता असेल, तितकीच नियंत्रकाच्या उपायांतही असली पाहिजे. जिल्ह्याहून निघणारे परिपत्रक सर्व गावांस एकच असते. मुले मात्र एकसारखी नसतात. ही तूट भरून काढणारा मनुष्य म्हणजे वर्गात उभा असलेला शिक्षक. म्हणून परिपत्रकाचे पालन करावेच, परंतु आपल्या गावात त्याचा काय परिणाम झाला हे केंद्रावरील बैठकीत निःसंकोचपणे सांगावे. खालून वर जाणारी वार्ता थांबली, तर वरचे सुकाणू आंधळे होते. सारे ठीक असल्याचे खोटे कळवणे हे सुकाणूवाल्याचे डोळे बांधण्यासारखे आहे.

एक इशारा मात्र वीनरनेच १९५० साली दिला होता. मनुष्याला यंत्राचा सुटा भाग समजून वापरणे हा त्याचा अपमान आहे, असे त्याचे मत होते. वॅटच्या यंत्राचे उद्दिष्ट बाहेरच्या माणसाने ठरवले होते. मूल स्वतःची उद्दिष्टे स्वतः घडवीत असते. आकडे त्याच्या सेवेसाठी आहेत. ते आकड्यांसाठी नाही.

तेव्हा या सत्रात एवढेच करावे, अशी माझी विनंती आहे. हजेरीपटातील सलग तीन दिवसांची रिकामी जागा दिसताच त्या घरी जावे. पाटीवरील चूक पाटी हातात असतानाच दुरुस्त करावी. वरच्या वर्गांतील मुलांकडून शाळेच्या अंगणात पाऊस मोजवावा आणि गावच्या विहिरीची पातळी दरमहा फळ्यावर लिहवावी. नोंद, तुलना आणि दुरुस्ती यांची सवय ज्या मुलास दहाव्या वर्षी लागेल, ते मोठेपणी गावाचे आणि जगाचेही सुकाणू अधिक जाणतेपणाने धरील.