ग्रंथसंग्रहांतून दिसणारी स्त्री



एखाद्या काळी समाजाने स्त्रीला कोणते स्थान दिले होते, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला पूर्वी गावोगावची ग्रंथालये पालथी घालावी लागत. तंजावरची एखादी पोथी, मद्रासला छापलेले एखादे पुस्तक आणि पुण्याच्या एखाद्या मासिकाचा जुना अंक एकाच टेबलावर येणे हा बहुधा योगायोगाचाच भाग असे. गेल्या दोन दशकांत ही स्थिती बरीच पालटली. २००३ च्या सुमारास ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आकाराला आला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या दशलक्ष ग्रंथांच्या योजनेशी तो जोडलेला होता. देशातील निरनिराळ्या केंद्रांत जीर्ण पुस्तकांचे एकेक पान यंत्राखाली ठेवून त्याची प्रतिमा घेण्यात आली. तो प्रकल्प मूळच्या रूपात आता चालू नाही. परंतु त्यातील लाखो ग्रंथ पुढे ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर गेले आणि आज ते कोणालाही घरबसल्या वाचता येतात.

एवढे भांडार हाताशी आल्यावर, शोधावयाचा शब्द यंत्राला सांगितला की उत्तर समोर उभे राहील, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः यंत्राखाली जे पुस्तक जाते त्याच्या आधी कितीतरी हात त्यावरून फिरलेले असतात. कोणी ते नकलून ठेवावयाचे, कोणी छापावयाचे, छापताना काय गाळावयाचे, हे सारे पूर्वीच ठरून गेलेले असते. या दृष्टीने बंगळूरच्या नावाशी जोडलेली दोन उदाहरणे फार बोलकी आहेत. त्यांपैकी पहिल्याचे मूळ मात्र मराठ्यांच्या तंजावरात आहे.

तंजावरच्या मराठा दरबाराशी संबंधित असलेल्या त्र्यंबकयज्वा या पंडिताने अठराव्या शतकात ‘स्त्रीधर्मपद्धति’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पतीच्या आधी उठण्यापासून सडासंमार्जन, स्वयंपाक, अतिथिसेवा, रजस्वलेचे नियम आणि सहगमनापर्यंत स्त्रीच्या आयुष्याचा सारा क्रम त्यात लावून दिलेला आहे. ज्युलिया लेस्ली या विदुषींनी १९८९ मध्ये या ग्रंथावर इंग्रजीत विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. असा ग्रंथ वाचून ‘त्या काळची स्त्री अशी होती’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु एखादा नियम इतक्या बारकाईने लिहून ठेवावा लागतो, तेव्हा तो घरोघर निमूटपणे पाळला जात असेलच असे नाही.

त्याच शतकात, त्याच नगरीत, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी (कारकीर्द १७३९ ते १७६३) मुद्दुपळनी नावाची एक गणिका होती. तेलुगू आणि संस्कृत या दोन्ही भाषांत ती निष्णात होती. तिचे ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य राधेच्या रुसव्याविषयी आहे. राधेने स्वतः वाढविलेल्या इळेचा विवाह कृष्णाशी होतो, राधेच्या मनात मत्सर पेटतो आणि कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. प्रणयातील इच्छा येथे स्त्रीच्या बाजूने, आणि तीही संकोच न बाळगता, मांडलेली आहे. काव्याच्या प्रारंभी मुद्दुपळनी आपली वाङ्मयीन परंपरा सांगते, ती आजी आणि आत्या यांच्याकडून आलेली. आपल्याकडे ग्रंथकार बहुधा पित्याचे व गुरूचे नाव घेतो. ही कवयित्री घरातल्या बायकांचे घेते.

हे काव्य १८८७ मध्ये छापले गेले. कोशकार सी. पी. ब्राऊन यांचे एके काळचे सहकारी पैडिपाटी वेंकटनरसू यांनी ही आवृत्ती सिद्ध केली होती. तीत काही पद्ये गाळलेली होती, आणि त्याबरोबर कवयित्रीने स्वतःविषयी सांगितलेला प्रारंभीचा व अखेरचा भागही गेला. शृंगारिक पद्ये गाळण्यामागचा हेतू समजू शकतो. आजीचे आणि आत्याचे नाव कोणाच्या नीतीला बाधक होते, हे मात्र समजणे कठीण आहे. केवळ ही एकच आवृत्ती जतन झाली असती, तर मुद्दुपळनी आज आपल्याला आगापीछा नसलेली, कोठून तरी अचानक उगवलेली बाई वाटली असती. यंत्र छापील पानाशी प्रामाणिक राहते. ते पान स्वतः अप्रामाणिक असेल तर ते सांगण्याची सोय यंत्रात नाही.

हा तोटा ज्यांच्या ध्यानात आला त्या होत्या बंगळूर नागरत्नम्मा. त्यांचा जन्म १८७८ मध्ये म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे गणिकाकुळात झाला. संस्कृत, संगीत आणि नृत्य यांचे शिक्षण घेऊन त्यांनी गायिका म्हणून कीर्ती मिळविली आणि पुढे मद्रासला वास्तव्य केले. बंगळूर हे नाव मात्र अखेरपर्यंत त्यांच्या नावाशी जोडलेले राहिले. छापील पुस्तक अपुरे आहे हे ओळखून त्यांनी हस्तलिखित मिळविले, पाठ पडताळून पाहिले, आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु यांच्या प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य स्वतःच्या प्रस्तावनेसह छापून घेतले. एका गणिकेचा ग्रंथ दुसऱ्या गणिकेने दीडशे वर्षांनी संपादित केला, ही घटना भारतीय मुद्रणाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

या काव्याचे सर्वांत कठोर टीकाकार होते कंदुकूरि वीरेशलिंगम. विधवांच्या पुनर्विवाहासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, १८८१ मध्ये राजमहेंद्रीला असा विवाह घडवून आणला, तेच हे सुधारक. स्त्रीच्या मुखी अशी वर्णने शोभत नाहीत, असा त्यांचा रोख होता. नागरत्नम्मांनी आपल्या प्रस्तावनेत त्यांना सरळच विचारले, की लज्जा हा गुण केवळ स्त्रियांसाठीच आहे काय; आणि खुद्द वीरेशलिंगम यांच्या लेखनातील शृंगाराकडेही त्यांनी बोट दाखविले. विधवेचा कैवार घेणाऱ्याला गणिकेचा शब्द सोसवू नये, यात विसंगती दिसते खरी. परंतु त्या पिढीच्या सुधारणेची मर्यादाच तेथे होती. पीडित स्त्रीविषयी तिला कणव होती. इच्छा बोलून दाखविणाऱ्या स्त्रीसाठी तिच्यापाशी जागा नव्हती.

१९११ मध्ये प्रकरण सरकारदरबारी गेले. पुस्तकातील काही भाग अश्लील ठरविण्यात आला, प्रती जप्त झाल्या, आणि तेलुगू पंडितांनी अर्जविनंत्या करूनही बंदी आली. ती उठली स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, टी. प्रकाशम् यांच्या प्रयत्नाने. वाविळ्ळ प्रकाशनाने काव्य पुन्हा छापले ते १९५२ मध्ये. नागरत्नम्मांचे निधनही त्याच वर्षी झाले. मधल्या काळात त्यांनी तिरुवैयारू येथील त्यागराजांच्या समाधीचा जीर्णोद्धार केला होता आणि तेथील आराधनेत गाण्याचा स्त्रियांना नाकारलेला अधिकार झगडून मिळविला होता.

मराठी वाचकाला येथे ताराबाई शिंदे यांची आठवण होईल. त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यास छापले गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्या पुस्तकावर कोणी बंदी घातली नव्हती. त्याची आठवण ठेवणारे कोणी उरले नव्हते, एवढे पुरेसे झाले.

दुसरे उदाहरण खुद्द त्या संस्थेतील आहे, जिथे पुढे या लाखो पानांचे संकलन झाले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांनी भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेचे माजी विद्यार्थी होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगळूरला येऊन ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे राहील, संचालकांचे समाधान झाल्यावाचून कामाला मान्यता मिळणार नाही, आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले, १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळविली आणि केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. उमेदवारीचे ते वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला.

आता संग्रह चाळणाऱ्याने या घटनेचा माग कसा काढावा? विद्यार्थ्याचा विषय, प्रबंध, पदवी या गोष्टी कागदावर येतात. ‘लक्ष विचलित होऊ देऊ नये’ ही अट लोकांना कळली ती मुख्यतः कमलाबाईंनी उत्तरायुष्यात ती स्वतः सांगितली म्हणून. तिसरी अट तर विद्यार्थिनीच्या वर्तनाविषयीही नाही. ती इतरांच्या नजरेची जबाबदारी तिच्यावर टाकते. त्र्यंबकयज्व्याने स्त्रीधर्माचे जे नियम संस्कृतात लिहून ठेवले, त्यांच्या जातीचाच हा एक नियम दोनशे वर्षांनी एका प्रयोगशाळेच्या दाराशी तोंडी सांगितला जात होता. पहिल्याची पोथी आहे, म्हणून त्याचा अभ्यास होतो. दुसऱ्यासाठी स्मृती, मुलाखती आणि भाषणे हुडकावी लागतात.

आणखी एक अडचण नावाची. जुन्या भारतीय पुस्तकांची नावे रोमन लिपीत नोंदविताना एकाच शब्दाची चार रूपे झाली. मुद्दुपळनीचे नाव एका रूपाने सापडले नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या रूपाने शोधावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत त्यात विवाहाची भर पडते. कमला भागवत १९४७ नंतर कमला सोहोनी झाल्या. बंगळूर आणि केंब्रिजचे त्यांचे काम एका आडनावाखाली आहे. मुंबईच्या विज्ञान संस्थेतील अध्यापन, नीरेवरील संशोधन, संचालकपद आणि ग्राहक चळवळीतील लेखन दुसऱ्या आडनावाखाली. त्यांची कारकीर्द सलग पाहू इच्छिणाऱ्याने दोन्ही नावांनी शोध घ्यावा, आणि सूची करणाऱ्याने एका नावापुढे दुसऱ्याचा निर्देश अवश्य करून ठेवावा.