न्ग्लांगेरान : जावांतील एक डोंगरी गांव



जावा बेटाचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें बोरोबुदुरचा स्तूप उभा राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ प्रांबानानचीं देवळें. योग्यकर्ता शहरीं उतरणारा प्रवासीहि बहुधा हींच दोन स्थळें पाहून परत फिरतो. आज ज्या खेड्याची ओळख करून द्यावयाची आहे, तें या रुळलेल्या वाटेवर नाहीं. योग्यकर्त्याहून पूर्वेकडे, थोडें दक्षिणेला झुकून निघालें म्हणजे कांहीं वेळानें सपाट भातशेतें संपतात व रस्ता घाट चढूं लागतो. घाटमाथ्यावर गुनुंग किदुल जिल्हा सुरू होतो, आणि त्याच्या पातुक महालांत, शहरापासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, न्ग्लांगेरान हें गांव आहे. नांवाचा आरंभ आपल्या जिभेला जड जाईल. आपल्या वर्णमालेंत पाठ केला जाणारा आणि पुढें जन्मांत क्वचितच लागणारा जो 'ङ', तो जावी भाषेंत खुशाल शब्दाच्या आरंभीं येऊन बसतो.

गुनुंग म्हणजे डोंगर व किदुल म्हणजे दक्षिण. जावा म्हणजे हिरवीं खाचरें, ही आपली समजूत येथें सोडावी लागते. जिल्ह्याचा मोठा भाग चुनखडीचा असून त्यावर शंकूच्या आकाराच्या टेकड्या हजारोंनीं पसरल्या आहेत. म्हणून त्या प्रदेशास 'गुनुंग सेवु', म्हणजे सहस्र पर्वत, असें म्हणतात. पाऊस कमी पडतो असें नाहीं. पण पडलेलें पाणी चुनखडींतून झिरपून जमिनीखालच्या नद्यांना मिळतें, आणि वर राहणारीं माणसें उन्हाळ्यांत घागरी घेऊन हिंडतात. भात बेताचाच; म्हणून आपल्याकडे ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावाचा कंद येथें पिढ्यान् पिढ्या पोटाला आधार देत आला. कंद सोलून वाळवितात, कुटून पीठ करतात आणि वाफवून 'तिवुल' नांवाचें अन्न तयार होतें. योग्यकर्त्यांत तें आतां हौसेनें खातात. परंतु १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत येथें उपासमार झाली, तेव्हां तेंहि पुरेसें मिळत नव्हतें. अशा मुलखांतला तरुण जाकार्ताची वाट धरतो, यांत नवल तें काय?

न्ग्लांगेरान जिल्ह्याच्या उत्तर कडेला असून त्याचा दगड चुनखडीचा नाहीं. गांवाच्या डोक्यावर जे काळे प्रचंड कडे उभे आहेत, ते कोट्यवधि वर्षांपूर्वीं थंड झालेल्या ज्वालामुखीचे अवशेष होत. गांवकऱ्यांची कथा निराळी आहे. सुगीनंतर एका सूत्रधारास वायांगचा, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा, खेळ करण्यास बोलावलें होतें. कांहीं उनाड लोकांनीं त्याची एक बाहुली मोडली. त्यानें रागावून त्यांना बाहुल्याच करून टाकलें व डोंगरावर भिरकावून दिलें. मर्यादा मोडणारे ते 'न्ग्लांगार', आणि त्यावरून गांवाचें नांव पडलें, असें सांगतात. वायांगच्या पडद्यावर तेथें आजहि पांडव येतात, हें आपल्या श्रोत्यांना सांगितलें पाहिजे असें नाहीं.

याच डोंगरावर 'कांपुंग पितु' नांवाची वाडी आहे. पितु म्हणजे सात. तेथें सातच कुटुंबें राहावयाचीं, आठवें राहावयाचें नाहीं, असा पूर्वापार दंडक आहे. मुलगा लग्न करून वेगळा झाला, तर त्यानें खालीं उतरावें किंवा जागा रिकामी होण्याची वाट पाहावी. दंडकामागची समजूत कोणी मानो वा न मानो. पण त्या उंचीवरचें पाणी व जमीन किती घरांना पुरेल, याचा हिशेब कोणीतरी फार पूर्वीं करून ठेवला असावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

खालच्या गांवाला मात्र असा हिशेब अलीकडे, स्वतःच्या अनुभवानें, शिकावा लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगर जवळजवळ उघडा पडला होता. १९९९ पासून गांवच्या तरुण मंडळीनें त्यावर झाडें लावण्यास आरंभ केला. पुढें त्यांनींच वाटा पाडल्या, माहिती देणारे वाटाडे तयार केले आणि पाहुण्यांकडून अल्प शुल्क घेण्यास सुरुवात केली. २०१३ सालीं टेकडीच्या माथ्यावर पावसाचें पाणी सांठविणारा एक तलाव झाला. त्याच्या पाण्यावर खालच्या उतारांवर दुरियान व लोंगान या फळझाडांची बाग उभी राहिली. तलाव बांधला बागेसाठीं, पण सूर्यास्त पाहण्यास लोटली शहरांतली गर्दी. २०१४ सालीं पाहुण्यांची संख्या सव्वातीन लाखांच्या घरांत गेली.

एवढ्या यशानें दुसऱ्या एखाद्या गांवानें वाहनतळ वाढविला असता. न्ग्लांगेरानच्या मंडळीनें शुल्क वाढविलें. कचरा, पायदळीं तुडविली जाणारी माती आणि दोन घटका छायाचित्रें काढून निघून जाणारी गर्दी यांपेक्षां रात्रभर गांवांत राहून, घरचें अन्न खाऊन, शेतांत हात मळवून जाणारा थोडा पाहुणा बरा, असें त्यांनीं ठरविलें. २०१७ पर्यंत पाहुण्यांची संख्या दीड लाखांवर उतरली. उत्पन्न मात्र १४० कोटि रुपियांवरून १९० कोटींच्या वर गेलें. (आंकडे ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. आपल्या एका रुपयास तेथील रुपिया दोनशेच्या आसपास मिळतात. म्हणजे ही वाढ आपल्या हिशेबानें सत्तर लाखांवरून पंचाण्णव लाखांपर्यंतची समजावी.) २०१५ सालीं युनेस्कोनें गुनुंग सेवु प्रदेशास जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला, त्यांत हा डोंगरहि आला, आणि २०२१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनें उत्कृष्ट पर्यटन-ग्रामांच्या पहिल्याच यादींत न्ग्लांगेरानचें नांव घातलें. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२० सालीं, साथीमुळें दारें बंद ठेवावीं लागलीं होतीं. पर्यटन हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा शेती, असें हे लोक पूर्वींपासून म्हणत आले, त्यांतलें शहाणपण तेव्हां कळलें.

शेतींत कोको आहे आणि शेळ्या आहेत. या शेळ्यांना तेथें 'पेरानाकान एतावा' म्हणतात, म्हणजे इटाव्याची संकरित अवलाद. उत्तर प्रदेशांतल्या आपल्या इटाव्याची जमनापारी शेळी डच अमदानींत समुद्रापार गेली, ती जावांत घरची होऊन राहिली. न्ग्लांगेरानमध्यें तिच्या दुधाची भुकटी व गांवचा कोको मिळून एक पेय करतात. कोकोच्या वाळलेल्या बिया व्यापाऱ्याला विकून टाकण्यापेक्षां गांवांतच त्याचें चॉकलेट करावें, ही खटपट अलीकडची आहे, आणि भांडवलाची खरी गरज असलीच तर ती येथें आहे.

येथें भांडवलवाल्यांशीं दोन शब्द स्पष्ट बोलावे लागतात. इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमि-कायद्याप्रमाणें जमिनीची पूर्ण मालकी फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. परकीयाला मुदतीचा वापरहक्क मिळूं शकतो. एखाद्या स्थानिक माणसाच्या नांवावर गुपचूप जमीन घेण्याची युक्ति पुष्कळांना सुचते. कायदा असा व्यवहार निरर्थक ठरवितो, आणि पैसे बुडाले तर दाद मागण्यास जागा राहत नाहीं. परकी कंपनीनें जमीन व इमारती सोडून १००० कोटि रुपियांहून अधिक रकमेची योजना दाखवावी, असा नियम आहे. आपल्या पांच कोटि रुपयांएवढी ही रक्कम एका डोंगरी गांवांत कशांत घालावयाची? शिवाय योग्यकर्ता प्रांताची गोष्ट आगळी. तेथील सुलतान हाच गव्हर्नर असून २०१२ च्या कायद्यानें राजघराण्याचा जमिनीवरील हक्क मान्य झाला आहे; गांवची सामाईक जमीन भाड्यानें घेण्यास गव्हर्नरची परवानगी लागते. परवानगीवांचून अशा जमिनीवर घरें बांधून विकल्याबद्दल २०२३ सालीं त्या प्रांतांत खटले झाले. २०२४ सालीं याच जिल्ह्याच्या समुद्रकांठीं, चुनखडीच्या पट्ट्यांत, एका नामांकित नटाच्या सहभागानें मोठें विलासगृह उभें राहावयाचें होतें. पाण्याचें काय, असा प्रश्न लोकांनीं केला, आणि नटमहाशयांनीं अंग काढून घेतलें. तेव्हां मालकी हातीं घेण्याच्या इच्छेनें जाणाऱ्यानें न गेलेलें बरें. गांवचा माल बांधून घेणारा, यंत्रसामग्री पुरविणारा, २०१४ च्या ग्राम-कायद्यान्वयें निघालेल्या गांवच्या मालकीच्या मंडळाशीं करार करणारा गृहस्थ असेल, तर त्याचें म्हणणें ऐकून घेतलें जाण्याचा संभव आहे. पण बैठका लांबतात. सर्वांचें एकमत होईपर्यंत बोलत राहावयाचें, ही तेथील जुनी रीत आहे.

पाहुण्यास इतकी अडचण नाहीं. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे दिवस असतात. डोंगर चढण्यास तेच चांगले. वाट कांहीं ठिकाणीं दोन कातळांच्या चिंचोळ्या फटींतून जाते, तेथें सामान बेताचें असावें. पहांटे माथ्यावर पोहोंचल्यास आणि आकाश निरभ्र असल्यास उत्तरेस मेरापीचें जिवंत शिखर दिसतें. कोणाच्या अंगणांत शिरण्यापूर्वीं 'कुलोनुवुन' म्हणून हांक द्यावी. देणें-घेणें उजव्या हातानें करावें, हें आपल्याला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाहीं. वडीलधाऱ्यांशीं बोलण्याची जावी भाषा व बरोबरीच्यांशीं बोलण्याची भाषा यांत शब्दच निराळे असतात. परक्याच्या चुका मात्र हंसून सोडून देतात.

सुगीनंतर 'रसुलान' नांवाचा ग्रामोत्सव होतो. गांव स्वच्छ करतात, धान्याच्या व फळांच्या राशी मिरवितात, आणि रात्रीं वायांग लागतो. त्याचा दिवस जावी पंचांगावरून ठरतो व गांवागणिक निराळा असतो. म्हणून ज्या घरीं उतरावयाचें, त्यांनाच आधीं विचारून ठेवावें.