नववीतील विषयनिवड आणि सार्वजनिक शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी जून महिन्यात नांदेड आणि लातूर येथील अनेक श्रमिक कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहतो. त्याची चर्चा वृत्तपत्रांत फारशी होत नाही. आपल्या बैठकांतही होत नाही. बाजार समितीत हमाली करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आईबापांची जी मुले पंचवीस टक्के राखीव जागांतून खाजगी इंग्रजी शाळेत शिकतात, ती आठवी उत्तीर्ण होताच त्यांचा मोफत शिक्षणाचा हक्क संपतो. नववीत त्याच शाळेत बसायचे तर फी भरावी लागते. ती झेपत नाही, म्हणून मूल जिल्हा परिषदेच्या प्रशालेत अथवा एखाद्या अनुदानित शाळेत येते. बाप फीचा हिशेब करून आलेला असतो. कार्यालयात त्याला विचारले जाते ते वेगळेच : माध्यम कोणते? प्रथम भाषा कोणती? हिंदी संपूर्ण की संयुक्त? गणित-विज्ञान मराठीतून की इंग्रजीतून? दहा मिनिटांत दिलेली ही उत्तरे मुलाला दहावीच्या परीक्षेपर्यंत बांधून ठेवतात.

हा प्रसंग योगायोगाने येत नाही. तो कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानुसार झालेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील राखीव जागांचे प्रवेश महाराष्ट्रात २०१२-१३ पासून सुरू झाले असे धरले, तर त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल नववीत पोहोचले ते २०२०-२१ मध्ये, म्हणजे शाळा बंद आणि बापाची मजुरीही बंद अशा महामारीच्या वर्षात. आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयाच्या मुलांना केवळ धोकादायक कामांची मनाई केली. इतर कामे त्यांना खुली राहिली. शिक्षणाचा हक्क ज्या वयात संपतो, त्याच वयात मजुरीचे दार कायदेशीरपणे उघडते. म्हणूनच नववीतील चुकलेली विषयनिवड ही केवळ गुणांची हानी राहत नाही. एकदोन विषयांत मागे पडलेल्या मुलाला बाजार हाक मारीतच असतो.

मराठवाड्यात या प्रश्नाला एक इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली त्याच पायावर उभे राहिले. ज्यांना मातृभाषेतून आणि स्वाभिमानाने शिकायचे होते, ते सरकारी शाळा सोडून राष्ट्रीय शाळांकडे वळले. १९२१ साली हिप्परगा येथे अशी शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे आणि पुढे अंबाजोगाईस अध्यापन केले. त्या काळी खाजगी शाळा म्हणजे लोकांची शाळा होती आणि सरकारी शाळा परकी होती. १९४८ नंतर राज्य लोकांचे झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि पूर्वीची सरकारी विद्यालये त्यांच्याकडे गेली. म्हणूनच पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खाजगी संस्थांच्या हाती असताना, मराठवाड्यात मात्र जिल्हा परिषदेच्या प्रशाला तालुक्यातालुक्यांतून दिसतात. लढून मिळविलेली ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आज तिच्या दारात येणारे मूल मान खाली घालून येते, हा त्या लढ्याचा पराभव होय.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाने मराठी शिकलेली असते ती दुय्यम भाषा म्हणून, सुलभभारतीच्या पुस्तकातून. प्रशालेत त्याच्यापुढे प्रथम भाषेची कुमारभारती येते. विज्ञानातील 'व्हॅलन्सी' त्याला ठाऊक असते, 'संयुजा' ठाऊक नसते. 'रिफ्रॅक्शन' कळलेले असते, 'अपवर्तन' हा शब्द अडवितो. म्हणजे ज्ञान असते, परंतु त्याचे नाव बदललेले असते. शिक्षक घाईत असेल तर या मुलाला 'कच्चे' ठरवून मोकळा होतो. यावर उपाय आहे. जेथे सेमी-इंग्रजीची तुकडी आहे तेथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच चालू ठेवावे आणि इतर विषय मराठीतून घ्यावेत. आठ वर्षांची मिळकत टाकून देण्याचे कारण नाही. मात्र फलकावर 'सेमी' लिहिलेले असणे आणि ते विषय शिकविणारा शिक्षक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशापूर्वी दुसऱ्या गोष्टीची चौकशी करावी.

मराठीची भीती बाळगू नये. जे मूल घरी मराठी बोलते त्याला कुमारभारती जड जाते ती वाचनाची सवय नसल्यामुळे; दिवाळीपर्यंत रोज तासभर वाचन झाले तर ती उणीव भरून निघते. किनवट-माहूरकडील बंजारा वा गोंड घरातील मुलाचे तसे नाही. त्याला मराठीही शाळेतच भेटलेली असते, म्हणून त्याला अधिक वेळ आणि अधिक साहाय्य दिले पाहिजे. हिंदी संपूर्ण घ्यावी की हिंदी-संस्कृत संयुक्त, हे गुणांच्या हिशेबाने ठरविण्याची रीत पडली आहे. ज्याने संस्कृत कधी पाहिलेले नाही त्याने नववीत नव्या विषयाचे ओझे केवळ 'संस्कृतात गुण पडतात' या ऐकीव गोष्टीवरून घेऊ नये. काही शाळांत भाषेऐवजी व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो. तो वाईट नाही; परंतु गरिबाच्या मुलाला तो आपोआप सुचविला जातो आणि डॉक्टरच्या मुलाला कधीच सुचविला जात नाही, यातील वर्गभेद ओळखला पाहिजे.

नववीची निवड अकरावीत फळाला येते आणि तेथे लातूर-नांदेडचे वातावरण आपला प्रभाव गाजविते. ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हणतात त्याचा पाया अनुदानित महाविद्यालयांत घातला गेला. शासनाचा पगार घेणाऱ्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सरावपरीक्षा घेतल्या, उत्तरपत्रिका तपासल्या. सार्वजनिक पैसा आणि शिक्षकांचे श्रम यांतून ते यश आले. पुढे खाजगी शिकवण्यांनी त्याची बाजारपेठ केली. आज या दोन शहरांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी गणित सोडून द्यावे असा सल्ला सर्रास मिळतो. २०२४ साली त्या परीक्षेस देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या आसपास. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांपैकी श्रीमंताचे मूल पुन्हा एक वर्ष शिकवणीत बसते. हमालाच्या मुलीला दुसरे वर्ष नसते. तिने गणित सोडलेले असेल तर अभियांत्रिकीचे दार बंद झालेले असते. संख्याशास्त्राचे बंद, आणि अर्थशास्त्राच्या वरच्या अभ्यासाचे अर्धे बंद. म्हणून शास्त्र शाखेत जाणाऱ्या गरीब विद्यार्थ्याने जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याने एकाच डावावर सर्वस्व लावू नये, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम मे महिन्यातील आहे. आपल्या वस्तीतील आठवी संपविणाऱ्या अशा मुलांची यादी करावी आणि पालकांबरोबर शाळेत जावे. फी थकल्याच्या सबबीवर खाजगी शाळा दाखला अडविते असे अनेक ठिकाणी घडते. दाखला नसला तरी सरकारी व अनुदानित शाळांनी दहावीपर्यंत प्रवेश द्यावा, असा आदेश राज्य शासनाने २०२१ साली काढला होता. त्याची प्रत खिशात असावी. दुसरे काम जून ते दिवाळीचे : पारिभाषिक शब्दांसाठी आणि मराठी वाचनासाठी संध्याकाळचा वर्ग. याला पैसा लागत नाही. निवृत्त शिक्षक प्रत्येक गल्लीत आहेत.

तिसरे काम राजकीय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेची राखीव जागांतून सुटका केली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. निकालाचे स्वागत योग्यच होते. परंतु आपली मागणी तेवढ्यावर थांबता कामा नये. हक्काची मर्यादा चौदावरून अठरापर्यंत जावी आणि प्रत्येक प्रशालेत गणित, विज्ञान व इंग्रजीचा शिक्षक जूनच्या पहिल्या दिवशी वर्गात असावा, ही आपली मागणी हवी. शिक्षकाची जागा रिक्त असेल तर विद्यार्थ्याच्या निवडीला काय अर्थ उरतो? कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळेचा आग्रह धरला होता, तो याच अर्थाने.

अखेरीस एक कटू गोष्ट. सार्वजनिक शाळेचा पुरस्कार करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांची मुले-नातवंडे प्रशालेत जातात? ज्या शाळेत आपले मूल नाही तिच्या रिक्त जागांची चौकशी आपण नेटाने करीत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. येत्या जूनमध्ये एखादी मुलगी खाजगी शाळेचा गणवेश उतरवून प्रशालेच्या फाटकातून आत येईल. ती खाली उतरली की स्वतःच्या घरी आली, हे तिला सांगणारा माणूस त्या फाटकापाशी असला पाहिजे, आणि आत शिक्षकही असला पाहिजे. त्यासाठी आपली संघटना आहे.