निळ्या आकाशांतील अदृश्य वायु



वैशाखांतील दुपार डोळ्यांपुढें आणा. अहिल्यानगर जिल्ह्यावर निरभ्र आकाश पसरलेलें असतें. किती स्वच्छ हवा, असेंच आपण म्हणूं. परंतु याच वेळीं ओझोन नांवाचा अदृश्य वायु हवेंत वाढत असतो.

शोएनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें १८४० सालीं तो ओळखला व त्याच्या उग्र वासावरून त्याला नांव दिलें. उंच आकाशांत तो सूर्याचे घातक किरण अडवून आपलें रक्षण करितो. जमिनीलगत मात्र तोच श्वासाचा वैरी होतो. कोणत्याही धुराड्यांतून तो थेट बाहेर पडत नाहीं. पुणें व मनमाडच्या रस्त्यांवरील वाहनांच्या धुरांतून, जळत्या उसाच्या पाचटांतून जे वायु निघतात, त्यांवर प्रखर ऊन पडलें कीं ओझोन तयार होतो. म्हणून तो दुपारीं चढतो, आणि वाऱ्याबरोबर दूरच्या खेड्यांतही पोंचतो.

ओझोन पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. त्यामुळें नाकाघशांत सगळा न अडतां तो सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत जातो. तेथील ओलसर अस्तरावर त्याची क्रिया होऊन दाह सुरू होतो, खोकला येतो, खोल श्वास घेववत नाहीं. हें अल्प प्रमाणांतही घडतें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी तरुणांना हवेच्या एक अब्ज भागांत ६० भाग ओझोन असतां ६.६ तास ठेवून अधूनमधून व्यायाम करविला. त्यांची श्वासशक्ति किंचित् घटली व दाहाचीं चिन्हें आढळलीं. आपल्या देशांतील आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारें ५० भाग, आहे. कांहीं दिवसांनीं खोकला कमी होतो. पण दाह आंत चालूच राहूं शकतो. संवय झाली म्हणजे अपाय टळला, असें नव्हे.

श्रम करणारा मनुष्य कित्येक पट अधिक हवा ओढतो. म्हणून दुपारीं शेतांत राबणारा मजूर, मैदानावर धांवणारीं मुलें आणि दमेकरी यांना धोका अधिक. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवील. वायु अडविणार नाहीं. यास्तव कष्टाचीं कामें व मुलांचे खेळ सकाळीं उरकावेत, दमेकऱ्यानें औषध जवळ ठेवावें.

आणि पाचट जाळूं नये, शेतांतच पसरावें. त्यानें जमिनींतील ओल टिकते, आणि आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याला ती ओल हवीच आहे.